विरोधी बाजूचे मुद्दे

ऑक्सफर्डच्या कॉर्नमार्केट रस्त्यावर दुपारी लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आधी असते तशी गर्दी होती, फक्त गाड्या नाहीत, नुसती माणसं. त्या गर्दीत भाचीने माझा हात धरला आणि दुकानांच्या मधल्या एका बोळात मला ओढलं. बोळाचं नाव फ्रुइन कोर्ट. थोडं आत गेलं की मागचा गलका कमी होत जातो आणि समोर येते लाल विटांची, टोकदार कमानींची इमारत, शेजारी हिरवळ, आणि त्या हिरवळीवर वीस-एकवीस वर्षांची पोरंपोरी लॅपटॉप घेऊन बसलेली.

"मावशी, हेच ते," ती म्हणाली.

ऑक्सफर्ड युनियन. भाची इथे मास्टर्स करतेय, मी दहा दिवस तिच्याकडे राहायला आले होते. आल्याआल्या तिने विचारलं काय काय बघायचंय, तिला वाटलं मी जुनी कॉलेजं, चर्च, म्युझियम असं काहीतरी सांगेन. मी म्हटलं ते सगळं बघू गं सावकाश, पण आधी ती वादविवादाची जागा दाखव. ती स्वतः तिथली मेंबर आहे, काही शे पौंड भरून आयुष्यभराची मेंबरशिप घेतलीय तिने, आणि मावशीला ह्याच्यात एवढा रस कसा काय ह्याचं तिला नवल वाटत होतं. कारण तिला माझ्या कॉलेजची गोष्ट माहीत नव्हती. कुणालाच फारशी माहीत नाही.

आधी हे सांगते की युनियन म्हणजे आपल्याकडे असते तशी विद्यापीठातली विद्यार्थी संघटना नव्हे. मोर्चे, निवेदनं, फी कमी करा, हे काम करणारी संघटना तिथे वेगळी आहे. ही नुसती वाद घालण्यासाठी काढलेली सोसायटी आहे, १८२३ साली विद्यार्थ्यांनीच काढलेली, आणि ती विद्यापीठाच्या मालकीची नाही. नियम सोसायटीचे, अध्यक्ष विद्यार्थी, खजिनदार विद्यार्थी, आणि दर टर्मला नवी निवडणूक. तिथली टर्म आठ आठवड्यांची, अशा वर्षात तीन टर्म, म्हणजे वर्षात तीन अध्यक्ष होतात. भाची म्हणाली की त्या निवडणुकांत काय काय राजकारण चालतं ते बघून तिला कधीकधी वीट येतो, मतं मागायला लोक रात्री मेसेज करतात, आज गळ्यात गळा घालतात नि उद्या पाडतात. असेल. पण विषय काय ठेवायचा, कुणाला बोलवायचं, हे तिथे एकवीस वर्षांचं पोर ठरवतं, आणि मी त्या हिरवळीच्या कडेला उभी राहून ह्याच एका गोष्टीपाशी अडकले होते.

कारण आमच्याकडे हे सगळं एका किल्लीवर अडलं होतं.

मी तालुक्याच्या गावच्या कॉलेजात शिकले. १९९६ साल, मी एस. वाय. बी. ए. ला होते. लहानपणापासून वक्तृत्व स्पर्धा केलेल्या, 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' ह्याच्यापासून सुरुवात. सर भाषण लिहून द्यायचे, आई पाठ करून घ्यायची, कुठल्या शब्दाला हात वर करायचा ते सुद्धा ठरलेलं असायचं. पाच मिनिटं, चार मिनिटांना पहिली घंटा. फिरती ढाल आमच्या शाळेला दोनदा आणून दिली मी. पण एवढ्या वर्षांत एकदाही मला कुणी मध्येच थांबवून विचारलं नव्हतं की बाई हे तू म्हणतेस ते कशावरून. आपलं बोलून झालं की खाली बसायचं, पुढचा यायचा, त्याने दुसऱ्याच पाठ केलेल्या गोष्टी बोलायच्या. दोन भाषणं एकमेकांना कुठे भेटायचीच नाहीत.

कॉलेजात गेल्यावर आम्ही सहा-सात जणांनी वादविवाद मंडळ सुरू केलं. दर शनिवारी शेवटचा तास झाला की सात नंबरची खोली. त्या खोलीची किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायची, सुतळीने एक लाकडी चकती बांधलेली आणि चकतीवर हिरव्या ऑइलपेंटने सात. ती किल्ली आणायचं काम माझं, मी सेक्रेटरी होते. अजून हातात त्या चकतीची एक तुटलेली कड जाणवते मला, अंगठ्याला लागायची ती.

त्या फेब्रुवारीत आम्ही एक ठराव ठेवला. 'हुंडा घेतलेल्या लग्नात आपण जेवायला जाणार नाही.' हुंडा वाईट की चांगला असला विषय नाही, त्याच्यावर सगळे वाईटच म्हणतात नि घरी जाऊन घेतात. आम्हाला असा ठराव पाहिजे होता की ज्याने उद्या आपल्याला काहीतरी करावं लागेल. अनुकूल बाजूने मी बोलणार होते आणि प्रतिकूल बाजूने माझ्याच वर्गातली एक मैत्रीण. शांत मुलगी, मंडळात आली होती पण तोपर्यंत उभी राहून बोलली नव्हती. ह्या विषयावर विरोधी बाजू घेते का विचारलं तर लगेच हो म्हणाली, त्याचं मला तेव्हा जरा आश्चर्य वाटलं होतं.

गुरुवारी बोर्डावर नोटीस लावली, शुक्रवारी ती काढलेली होती. संस्थेतल्या एका मोठ्या माणसाच्या घरी त्याच महिन्यात लग्न होतं, सगळ्या गावाला आमंत्रण. आम्हाला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही, माहीत होतं, पण त्या लग्नासाठी म्हणून ठराव ठेवला नव्हता. शनिवारी मी ऑफिसात गेले तर खिळा रिकामा. शिपाई मामा माझ्याकडे बघेनात. मग आत बोलावलं गेलं, आणि अतिशय प्रेमाने सांगितलं गेलं की पोरींनो अभ्यासाकडे लक्ष द्या, परीक्षा जवळ आल्यात. ओरडले असते तर बरं झालं असतं. मंडळ तिथेच संपलं. त्यानंतर सात नंबरच्या खोलीत परीक्षेचं सामान ठेवायला लागले.

हे सगळं मी भाचीला त्या हिरवळीवर उभं राहूनच सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग तू भाषण केलंच नाहीस?" नाही केलं. पाठ मात्र होतं, आजही आहे.

आत गेल्यावर आधी तिने मला जुनी लायब्ररी दाखवली. ही मूळची वादसभेची खोली, बेंजामिन वुडवर्ड नावाच्या आर्किटेक्टने बांधलेली, १८५७ सालची. लांबट खोली, उंच छत, खाली पुस्तकांची कपाटं नि टेबलं, वर चारी बाजूंनी फिरणारी गॅलरी, आणि गॅलरीच्या वर भिंतीभर चित्रं. खोलीच्या मधोमध फायरप्लेस आहे. आणि धुरांडं? वर काहीच नाही. मी दोनदा मान वर करून बघितलं. धुराची वाट जमिनीखालून काढलीय, भाचीने पायाने फरशीकडे दाखवलं.

चित्रांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इमारतीचं काम चालू असताना दांते गॅब्रिएल रोझेट्टी हा चित्रकार तिथे आला, त्याला त्या कोऱ्या भिंती दिसल्या आणि तो म्हणाला आम्ही रंगवून देतो, मजुरी नको, फक्त रंगाचा खर्च आणि राहण्या-खाण्याचं बघा. मग त्याने मित्र गोळा केले. त्यात विल्यम मॉरिस होता आणि एडवर्ड बर्न-जोन्स होता, दोघेही नुकतेच ह्याच विद्यापीठातून बाहेर पडलेले. मॉरिस तेव्हा तेवीस वर्षांचा, बर्न-जोन्स चोवीस, आणि म्होरक्या रोझेट्टी एकोणतीस. किंग आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या कथा, दहा मोठी चित्रं. मॉडेलला पैसे नाहीत म्हणून एकमेकांनाच उभं करायचे. मॉरिसने चिलखत आणि शिरस्त्राण बनवून घेतलं होतं, ते डोक्यात घालून बघितलं तर निघेचना, आत अडकून हा ओरडतोय आणि बाकीचे हसतायत, ही हकिगत बर्न-जोन्सने नंतर सांगून ठेवलीय. जेन बर्डन ही तिथल्या घोड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी, ती ह्याच काळात ह्या लोकांना ऑक्सफर्डमध्ये भेटली, चित्रांसाठी बसली, आणि पुढे मॉरिसशी तिचं लग्न झालं.

चित्रं मात्र टिकली नाहीत. नव्या बांधलेल्या भिंती, आतला चुना अजून ओला, आणि ह्यांनी विटांवर नुसती सफेदी मारून त्याच्यावर थेट रंगवायला घेतलं. आपल्याकडे घराला रंग देणारा कुठलाही माणूस सांगेल की भिंत वाळल्याशिवाय हात लावू नका, आधी लांबी भरा, मग घासा, मग रंग. अजिंठ्याच्या लेण्यांत दगडावर माती नि भुश्याचा गिलावा, त्याच्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग चित्र, म्हणून दीड हजार वर्षांपूर्वीचे डोळे आजही आपल्याकडे बघतात. इथे काही वर्षांतच रंग विरायला लागले, त्यात गॅसच्या दिव्यांची काजळी. निम्मे मित्र चित्र अर्धं टाकून निघून गेले, उरलेल्या जागा विल्यम रिव्हियर नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने भरल्या. छतावरची नक्षी मॉरिसने पुढे १८७५ मध्ये नव्याने केली, ती मात्र सुरेख राहिलीय.

आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येक चित्राच्या मध्ये दोन-दोन गोल खिडक्या आहेत, सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, बाहेर लख्ख ऊन, आणि त्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाने डोळे दिपून चित्र दिसतच नव्हतं. डोळ्यावर हात धरून, मान वाकडी करून, गॅलरीच्या कठड्याला टेकून बघत राहिले तेव्हा हळूहळू एकेक गोष्ट वर येत गेली, आधी एक तपकिरी हात, मग एका बाईचा चेहरा, मग मॉरिसच्या चित्रात सूर्यफुलं. सूर्यफुलं ओळखू आली तेव्हा मी नकळत मोठ्याने म्हणाले "अगं सूर्यफुलं," आणि खाली वाचत बसलेल्या एका मुलाने वर बघितलं.

मला ती अर्धवट पुसलेली भिंत फार आवडली. कुठल्याही संस्थेने नव्या कोऱ्या इमारतीची मुख्य खोली तेवीस वर्षांच्या पोरांच्या हातात द्यावी, त्यांना भिंत वाळवणं सुद्धा ठाऊक नसावं, काम अर्धं राहावं, आणि तरी दीडशेच्या वर वर्षं कुणी त्याच्यावर डिस्टेंपर फासू नये. उलट १९८०च्या दशकात तज्ज्ञ आणून जे उरलंय ते जपलं. खाली आजची मुलं परीक्षेचं वाचतायत, वर त्यांच्याच वयाच्या मुलांचं फसलेलं काम. मी तिथे किती वेळ बसले कळलं नाही, भाचीने दोनदा घड्याळ बघितलं.

मग चेंबर. जुनी खोली पुरेना म्हणून हे नवं सभागृह १८७९ मध्ये बांधलं, आल्फ्रेड वॉटरहाउसने, लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम ज्याचं तोच. त्या दिवशी रिकामं होतं. मधे टेबल, त्याच्यामागे अध्यक्षांची उंच खुर्ची, एका बाजूला ठराव मांडणारे, समोर विरोध करणारे, वर गॅलरी, आणि कडेने इथूनच पुढे पंतप्रधान झालेल्यांचे अर्धपुतळे. ग्लॅडस्टन १८३० मध्ये इथे अध्यक्ष होता. टर्ममध्ये गुरुवारी रात्री साडेआठला मुख्य वाद असतो. कुणी बोलत असताना समोरचा मध्येच उभा राहून मुद्दा विचारू शकतो, घ्यायचा की नाही ते बोलणाऱ्याने ठरवायचं, पण भाची म्हणाली की सारखं नाही नाही म्हणत गेलं तर हॉलला कळतं की हा घाबरलाय.

शेवटी मतदान, आणि ते हात वर करून किंवा चिठ्ठी टाकून होत नाही. उठायचं आणि बाहेर पडायचं, दाराच्या उजव्या बाजूने गेलात तर ठरावाला होकार, डाव्या बाजूने गेलात तर नकार. तिथे मोजणारे उभे असतात. आमच्या ढालींच्या स्पर्धेत तीन परीक्षक कागदावर गुण लिहायचे, उच्चार दहा, हावभाव दहा, विषयाची मांडणी वीस, आणि ऐकणाऱ्या दोनशे मुलांना काय वाटलं ह्याला जागाच नव्हती. इथे ऐकणाऱ्यालाच जागचं उठून एका बाजूने चालत जावं लागतं, सगळ्यांदेखत. मी त्या दारापाशी जरा वेळ उभी राहिले.

ह्याच खोलीत ९ फेब्रुवारी १९३३ ला एक ठराव आला होता, 'हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही.' जर्मनीत हिटलर चॅन्सेलर होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. एकीकडे केनेल्म डिग्बी हा विद्यार्थी आणि पाहुणा म्हणून तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड, विरोधात क्विंटिन हॉग. मतं २७५ विरुद्ध १५३, ठराव पास. आणि मग काय, वर्तमानपत्रं तुटून पडली. भित्रेपणाची खूण म्हणून पांढरी पिसं पाठवायची पद्धत होती, तर एका खोक्यातून मोजून २७५ पिसं आली, होकार देणाऱ्या प्रत्येकाला एक. चर्चिलने जाहीर निंदा केली. काही लोक सभेत घुसले आणि इतिवृत्ताच्या वहीतली त्या ठरावाची पानं त्यांनी फाडून नेली. पुढच्या महिन्यात चर्चिलचा मुलगा रँडॉल्फ हा ठराव नोंदवहीतून काढून टाका म्हणून नवा प्रस्ताव घेऊन आला, आणि तो १३८ विरुद्ध ७५० मतांनी आपटला. म्हणजे पहिल्या रात्री ज्यांनी विरोधात मत दिलं होतं त्यांच्यातलेही किती जण ह्या वेळी येऊन नोंद राहू द्या म्हणाले असतील बघा.

मला स्वतःला विचाराल तर तो ठराव चुकीचा होता. हिटलर समोर उभा असताना कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही म्हणणं मला आज पटत नाही, आणि सहा वर्षांनी त्याच पिढीतली कित्येक मुलं युद्धावर गेलीच. पण ती चुकली तरी त्यांच्या खोलीला कुलूप लागलं नाही, पुढच्या गुरुवारी खोली त्यांचीच होती. आपल्याला वाटतं तिकडे हे पहिल्यापासून असंच असेल, तसंही नाही. केंब्रिजची युनियन ह्यांच्या आधीची, १८१५ ची, तर १८१७ मध्ये तिथल्या कुलगुरूंनी तिचे वाद बंद करून टाकले होते आणि १८२१ मध्ये परवानगी दिली ती सुद्धा चालू राजकारणावर बोलायचं नाही ह्या अटीवर. म्हणजे खिळ्यावरची किल्ली तिथेही नाहीशी झाली होती. फरक इतकाच की त्या पोरांनी चार वर्षांनी का होईना ती परत मिळवली. आम्ही नाही मिळवली. हे लिहिताना मला अजून जड जातं, कारण आम्हीसुद्धा दुसऱ्या शनिवारी कुठल्यातरी झाडाखाली बसू शकलो असतो.

आणि ऑक्सफर्डची सगळी आरती करायला मी बसले नाहीये. ह्या खोलीची किल्ली किती जणांच्या हाताबाहेर होती तेही त्या भिंतींनी बघितलंय. नाशकात जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आली, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देणारी तिथली पहिली बाई झाली, पण डिग्री मिळायला तिला तीस वर्षं थांबावं लागलं कारण १९२० पर्यंत तिथे बायकांना डिग्रीच देत नव्हते. आणि युनियनने बायकांना मेंबर करून घेतलं १९६३ मध्ये. एकोणीसशे त्रेसष्ट! त्या वयातली, कायद्याची अशी तल्लख मुलगी, आणि दर आठवड्याला ह्या बोळाच्या आत जगातल्या सगळ्या विषयांवर मुलगे वाद घालतायत. तिने काय काय मुद्दे काढले असते ह्याचा विचार मी त्या गॅलरीत बसून केला. ते मुद्दे कुठल्याच वहीत नाहीत, फाडलेल्या पानांत सुद्धा नाहीत.

आपल्याकडची माणसं मात्र त्या खुर्चीवर बऱ्याच आधी बसली. राजा आणि देशाचा तो ठराव झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, मुंबईचा पारशी मुलगा डी. एफ. कराका अध्यक्ष झाला, तिथला पहिला भारतीय अध्यक्ष. नंतर मुंबईत परत येऊन त्यांनी 'करंट' साप्ताहिक चालवलं. माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड १९६२-६३ मध्ये अध्यक्ष होते. भाचीला हे माहीतच नव्हतं, तिच्यासाठी कर्नाड म्हणजे सिनेमातला माणूस. बेनझीर भुट्टो १९७७ मध्ये. आणि १९६४ च्या डिसेंबरात जमैकाचा एरिक अब्राहम्स अध्यक्ष असताना त्याने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स ह्याला बोलवलं, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत माल्कमचा खून झाला.

२०१५ मध्ये शशी थरूर इथे बोलले ते तर आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर येऊन गेलं, माझ्याकडे एका दिवसात पाच ग्रुपवर आलं होतं. ब्रिटनने आपल्या जुन्या वसाहतींचं देणं द्यावं, हा ठराव, आणि तो १८५ विरुद्ध ५६ ने पास झाला. ते म्हणाले तुम्ही आलात तेव्हा जगाच्या अर्थव्यवस्थेत आमचा वाटा २३ टक्के होता, गेलात तेव्हा ४ च्याही खाली, आणि आम्हाला रक्कम नको, पुढची दोनशे वर्षं वर्षाला एक पौंड दिलात तरी चालेल, चूक कबूल करा. ऐकताना अंगावर काटा आला होता.

पण त्या रिकाम्या चेंबरमध्ये बसल्यावर मला ह्याचं दुसरं टोक आठवलं, ते गिरगावात आहे. भारताचा पैसा इंग्लंडकडे कसा वाहून जातो हे आकडे मांडून आयुष्यभर सांगत राहिले ते दादाभाई नौरोजी, आणि दादाभाई घडले मुंबईच्या एल्फिन्स्टनच्या मुलांनी १८४८ मध्ये काढलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीत. विद्यार्थ्यांचीच सभा, निबंध वाचायचे, त्याच्यावर वाद घालायचे. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. ह्या मुलांचा वाद मुलींच्या शिक्षणापर्यंत आला आणि तिथे ते थांबले नाहीत, १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळाच काढल्या, आपापली कामं सांभाळून सकाळी फुकट शिकवायला जायचे, जगन्नाथ शंकरशेटांनी मराठी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. ह्या पोरांकडे ना वॉटरहाउसचं सभागृह, ना रोझेट्टीची भिंत. पण 'मुलींना शिकवावं' हा ठराव पास करून दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शिकवायला जाणं, ह्याच्यापुढे मला कुठलंही दार लहान वाटतं. आपल्याकडे ह्या सोसायटीचं नाव किती मुलांना ठाऊक असेल? तिच्यावरची एक साधी पाटी वाचायला तरी कॉलेजच्या सहली जायला हव्यात.

बाहेर पडताना भाची डाव्या बाजूने गेली आणि मी उजव्या. तिने ते बघितलं आणि हसून म्हणाली, "तुझ्या ठरावाला मी नाही म्हटलं बरं का मावशी." मी विचारलं का गं. म्हणाली, "अजून माहीत नाही. पण तुझ्या विरोधात जी बोलणार होती ती काय म्हणणार होती?"

मी थांबलेच. खरंच, काय म्हणणार होती ती? एवढी वर्षं मी त्या गोष्टीत माझं भाषण बुडालं एवढंच धरून बसले होते, खिळा, चकती, काढलेली नोटीस, आणि तिने काय तयारी केली होती हे तिला मी कधी विचारलंच नव्हतं. त्या शनिवारी नाही, परीक्षेनंतर नाही, लग्नात भेटलो तेव्हा नाही. ती आता एका शाळेत शिकवते, आमच्या बॅचच्या ग्रुपवर वाढदिवसाला केकचा फोटो टाकते, एवढाच संबंध.

रात्री मी तिला मेसेज केला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. चेंबरचा एक फोटो पाठवला आणि लिहिलं, फेब्रुवारी ९६, सात नंबर, तुझे मुद्दे काय होते?

दुसऱ्या दिवशी लंडनच्या बसमध्ये बसले तेव्हा तिची व्हॉइस नोट आली. मागे शाळेची घंटा, मुलांचा आवाज. म्हणाली, "अगं तुला आठवतंय? मला वाटलं फक्त मलाच आठवतंय." मग जरा थांबली. "मी म्हणणार होते की आपण जेवायला नाही गेलो तर हुंडा घेणाऱ्याचं काय बिघडतं, चार ताटं कमी लागतात. एकटी पडते ती नवरी. तिने थोडाच हुंडा मागितलाय. तिच्या मैत्रिणीच मांडवात नसतील तर उद्या सासरी काही झालं तर ती पत्र कुणाला टाकणार? त्याच्या आधीच्या डिसेंबरात आमच्या ताईचं लग्न झालं होतं ना. चाळीस हजार आणि गाडी. मला तुम्हाला सगळ्यांना उभं राहून विचारायचं होतं की तुम्ही आला असतात की नसतात."

बस कुठल्यातरी मोठ्या हिरव्या शेतांच्या मधून चालली होती. मी हेडफोन काढले आणि माझं भाषण मनातल्या मनात पहिल्या वाक्यापासून म्हणून बघितलं. मुलाचा बाप होता त्यात, देणं-घेणं ठरवणारे मध्यस्थ होते, पंगतीला बसणारं गाव होतं, वाढपी होते, ताटं होती, आणि आपण उठून जायचं होतं. नवरी कुठेच नव्हती.